लूणसरचं उन्हाळं

जीप थांबली तरी बाई उतरेनात. आठल्ये सर आधी उतरले, वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेले आणि हात पुढे करून उभे राहिले. अबोली रंगाचा स्वेटर घातलेल्या बाई मांडीवरची पर्स घट्ट धरून समोर बघत होत्या. समोर वाळू, खेजडीची खुरटी झाडं आणि त्यात एकटाच उभा असलेला, बोअर मारायच्या आमच्या रिगचा लोखंडी मनोरा.

"समुद्र कुठल्या अंगाला आहे?" त्यांनी विचारलं.

"इथं समुद्र नाही, इंदू. आपण राजस्थानात आलोय."

"मग एवढी वाळू कशाला?"

सर हसले. आम्ही स्वागताला उभे होतो, आम्हाला हसावं की नाही ते कळेना. शेवटी मीच पुढे झाले. माझ्याकडे बघून बाईंचा चेहरा एकदम उजळला. "अगं कुंदे, तू कधी आलीस?" म्हणाल्या आणि माझा हात धरून उतरल्या. सर माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "कुंदा तिची धाकटी बहीण. आता नाहीये ती. तुला चालेल ना?"

मी शलाका बोंद्रे, वर्ध्याची, भूगर्भशास्त्र शिकलेली; ही माझी दुसरीच नोकरी. कुणी मला कुंदा म्हटलं म्हणून माझं काय जाणार होतं? मी 'चालेल' म्हटलं.

बाडमेरच्याही पलीकडे लूणसर नावाची ढाणी होती. ढाणी म्हणजे दहापाच झोपड्यांची वस्ती. तिथं आमची कंपनी जमिनीखालची उष्णता शोधत होती. खोल बोअर घ्यायचं, तापलेलं पाणी वर आणायचं, त्याच्यावर वीज करायची, असा बेत. त्या जागेवर बोट ठेवलं होतं आठल्ये सरांनी. तरुणपणी सरकारी नोकरीत असताना ते उंटावरून या मुलखात हिंडले होते. विहिरीविहिरीत थर्मामीटर सोडायचा, टिपून घ्यायचं, पुढच्या विहिरीवर जायचं. लूणसरच्या विहिरीचं पाणी असायला हवं त्याहून गरम आहे, हे त्यांनी तेव्हाच लिहून दिलं होतं. कुणी लक्ष दिलं नाही. पुढं निवृत्त झाले, सातआठ वर्षं घरी बसले, आणि मग एक दिवस कंपनीचं बोलावणं आलं.

"तीस वर्षांनी कुणीतरी माझं ऐकलं गं," ते मला म्हणाले होते. "आता नाही म्हणू कसा?"

इंदूकाकूंना घेऊन येण्याबद्दल मात्र सगळेच कुरकुरले. त्यांची स्मृती गेली होती. गेली होती म्हणजे कधी असायची, कधी नसायची. मुलगा निखिल कॅनडात. त्यानं पुण्यात एका चांगल्या संस्थेत त्यांची सोय केली होती. तिथं काकूंनी जेवणच टाकलं. तेव्हा सरांनी मुलाला फोनवर सांगितलं, की मी तिला घेऊन जातो, माझ्याजवळ राहील. निखिल चिडला. आयुष्यभर आईला एकटं ठेवून फिरलात आणि आता वाळवंटात नेताय, असं म्हणाला. हे सरांनीच मला सांगितलं. आणि वर म्हणाले, "खोटं नाही बोलला तो."

काकूंच्या सोबतीला ढाणीतली धापू येऊ लागली. धापू चाळिशीची, उंच, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. काकू तिच्याशी मराठीत बोलत, ती काकूंशी मारवाडीत, आणि दोघींचं उत्तम चाले. ती त्यांना 'माजीसा', म्हणजे आईसाहेब, म्हणायची. उन्हात खाट टाकून त्यांच्या केसांना तेल लावत बसायची.

सकाळच्या वेळी काकू बऱ्या असत. सरांना "अहो, चहा घेतलात का?" म्हणून विचारत. दुपार कलली की कुठंतरी काही निसटायचं. एकदा मी त्यांच्या तंबूत बसले होते. सर आत आले, शाल त्यांच्या खांद्यावर घातली, आणि काही न बोलता बाहेर गेले. काकू माझ्याकडे वाकून म्हणाल्या, "कुंदे, हे गृहस्थ कोण गं? भले वाटतात. पण सारखे आत येतात."

बाहेर सरांची पावलं थबकली ते मला ऐकू आलं. मग ती रिगच्या दिशेनं गेली.

रिगवर तरी कुठं बरं चाललं होतं? रिगचा प्रमुख बाबर, विट्याकडचा. अर्धं आयुष्य बोअर मारण्यात घालवलेला रांगडा माणूस. तो रोज संध्याकाळी माझ्याजवळ येऊन तेच सांगायचा.

"म्याडम, ह्ये भोक गार हाय बगा. सायबांना कोन सांगायचं?"

"अजून खोल जायचंय ना बाबर?"

"खोल जाऊन बी काय व्हतंय? दगूड तापलाय, न्हाई म्हनत न्हाई. पर पानी कुटं हाय? नुसत्या तापल्या तव्यावर काय भाकरी आपसूक हुतीया?"

त्याचं खरं होतं. खडक तापत चालला होता, पण तो आतून बंद होता. भेग नाही, फट नाही. पाणी फिरायला वाट नाही. नुसत्या उष्णतेचा कुणाला काही उपयोग नव्हता. दिल्लीहून कंपनीचे कोठारी आले. त्यांनी सरांना बाजूला घेऊन सांगितलं, की हा महिना संपेपर्यंत चालू द्या, नंतर आम्ही बंद करणार.

त्यानंतर सर रिगवरच राहू लागले म्हटलं तरी चालेल. जेवण तिथंच, डुलकी तिथंच. बोअरमधून वर येणारा खडकाचा चुरा ते तळहातावर घेऊन भिंगातून बघत बसत. काकूंकडे दिवसातून दोनदा जाऊन येत, तेही घाईनं. धापू मला मोडक्या हिंदीत म्हणाली, "साबजींना सांगा, माजीसा खात नाहीत. त्यांनी भरवलं तर खातात." मी सरांना सांगितलं. ते "हो हो" म्हणाले, आणि पुन्हा भिंग डोळ्याला लावलं. मला तेव्हा त्यांचा राग आला होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

मग जानेवारीतल्या एका दुपारी बोअरनं घास गिळावा तसा आवाज केला. खोदताना आत सोडत होतो तो सगळा पातळ गाळ खाली कुठंतरी नाहीसा झाला. बाबर ओरडला, "फट गावली! सायेब, फट गावली!" दोन दिवस सगळे जिवावर उदार होऊन राबले. पाइप बसवले, तोंडाला व्हॉल्व्ह बसवला, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या सुमारास व्हॉल्व्ह उघडला. आधी नुसती फुसफुस, मग घाण काळं पाणी, आणि मग एकदम पांढऱ्या वाफेचा लोट. पाइपातून उकळतं पाणी प्लास्टिक अंथरलेल्या मोठ्या खड्ड्यात पडू लागलं. ढाणीतली माणसं धावत आली. बाबरनं डोक्यावरचं हेल्मेट काढून वाळूत आपटलं आणि नाचायला लागला. आठल्ये सर मात्र एका जागी उभे होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

वारा छावणीकडे वाहत होता. पाण्याला गंधकाचा वास होता. आम्ही परतलो तर काकू तंबूच्या दारात उभ्या. नाकानं वास घेत होत्या.

"अहो," त्यांनी सरांना हाक मारली. भर संध्याकाळी, आणि इतक्या स्वच्छ आवाजात! "उन्हाळं आहे का हो इथं? मला वास येतोय."

सर जागच्या जागी थिजले. मला काही कळेना. सर म्हणाले, "हिचं माहेर तुरळ, संगमेश्वराजवळ. तिथं गरम पाण्याची कुंडं आहेत. तिकडे त्याला उन्हाळं म्हणतात. लहानपणी रोज तिथंच आंघोळ करायच्या ह्या बहिणी." मग काकूंकडे वळून म्हणाले, "आहे, इंदू. मी शोधून काढलंय."

"मग आधी नाही का सांगायचं? कुंदे, टॉवेल काढून ठेव. उद्या जाऊ."

रात्रीच्या जेवणाला काकू आमच्यात येऊन बसल्या. सरांनी भात कालवून दिला, त्यांनी सगळा खाल्ला. तुरळच्या कुंडावर पोरी पोहे पुरचुंडीत बांधून पाण्यात कशा भिजवायच्या, कोण कशी पाय घसरून पडली, सगळं घडाघडा सांगत होत्या. मध्येच सरांच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण बघून त्यांना रागावल्या. सर माझ्याकडे बघत होते. लहान मुलासारखा चेहरा झाला होता त्यांचा. "बघितलंस? आली ती परत," असं पुटपुटले.

सकाळी कडाक्याची थंडी होती. खड्ड्यावर वाफ इतकी दाटली होती की पलीकडचं माणूस दिसेना. मी पाइपाच्या तोंडाशी बाटल्यांत नमुने भरत होते. बाबर व्हॉल्व्हपाशी. सर काकूंना घेऊन आले. धापू थोडी मागं होती. सरांनीच तिला मागं थांबायला सांगितलं असावं. काकूंच्या खांद्यावर टॉवेल होता. सरांनी त्यांचा हात धरला होता. खड्ड्याभोवती दोरी बांधलेली होती, तिच्यापाशी दोघं उभे राहिले. सर काही सांगत होते, हातानं दाखवत होते. वाफ आली, दोघं दिसेनासे झाले. मी बाटलीचं झाकण लावायला वाकले.

वाफ विरली तेव्हा सर दोरीशी एकटे उभे होते. हात तसाच पुढे आलेला, रिकामा. आणि काकू दोरीखालून पलीकडे गेल्या होत्या. कुंडात उतरताना बायका धरतात तसं त्यांनी एका हातानं लुगड्याच्या निऱ्या वर धरल्या होत्या. त्यांना घाई नव्हती. कडेच्या प्लास्टिकवर त्यांनी पाऊल ठेवलं.

धापू किंचाळली. तोवर पाय घसरला होता.

सर कडेला पालथे पडून दोन्ही हात पाण्यात घालून त्यांना ओढत होते. बाबरनं झडप घालून दोघांनाही मागं खेचलं. पुढचं मी सांगणार नाही. जीप जोधपूरच्या वाटेला लागली तेव्हा काकूंचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ओल्या चादरींखाली त्या थरथरत होत्या, पण शुद्धीवर होत्या. सर पुढच्या सीटवर, दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले, हवेत धरून बसले होते. हुंदके देत होते.

"कुंदे," काकू म्हणाल्या, "ते कोण रडतायत?"

मी ओली चादर सारखी केली.

"त्यांचं कोणी गेलं का गं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या.

कंपनीनं दिल्लीहून चौकशीला माणूस पाठवला. इस्पितळाच्या व्हरांड्यात बाकावर बसून त्यानं सरांना विचारलं, नेमकं काय झालं. सरांचे हात बँडेजमध्ये होते. ते सरळ त्याच्याकडे बघून म्हणाले, "माझी चूक झाली. व्हॉल्व्हजवळचं दाबाचं गेज मला बघायचं होतं. मी तिचा हात सोडला. दुसऱ्या कुणाचा दोष नाही. ना धापूचा, ना रिगवरच्या माणसांचा."

तसंच लिहिलं गेलं. सही करता येत नव्हती म्हणून अंगठा उमटवायची वेळ आली, तर अंगठाही बँडेजात. शेवटी साक्षीदार म्हणून बाबरनं आणि मी सही केली.

निखिल आला तो थेट स्मशानात. सगळं उरकल्यावर तो बापासमोर उभा राहिला. उंच, बापासारखाच नाकेला. सर्वांसमोर म्हणाला, "बाबा, जन्मभर दगडच बघत आलात. एक मिनिट आईकडे बघता नाही आलं?"

सर खाली बघत राहिले.

"बोला ना काहीतरी!"

"काय बोलू? तू म्हणतोस ते बरोबर आहे."

त्या दिवसानंतर निखिल त्यांच्याशी बोलला नाही. एका वाक्यानं माणसं तुटतात म्हणतात, ते मी समोर बघितलं. आणि खरं सांगायचं तर मला निखिलचंच पटलं होतं. भिंग डोळ्याला लावून "हो हो" म्हणणारे सर मी बघितले होते.

सर लूणसरला परत आले. रिगवर कुणालाच ते रुचलं नाही. बाबर माझ्याजवळ म्हणाला, "काय काळीज म्हनायचं का फत्तर?" सर कुणाशी बोलत नसत. व्हॉल्व्हजवळ खुर्ची टाकून बसत. जेवण कुणीतरी भरवावं लागे, ते काम धापूनं न सांगता अंगावर घेतलं. ती एकटी त्यांच्यावर रागावली नव्हती.

पाणी रोज कमी होत गेलं. त्यात क्षार फार होते, पाइपाच्या आतून पांढरे थर चढू लागले. बाबरनं दोनदा बोअर साफ केलं. फट लहान होती, तिच्यात होतं तेवढं पाणी येऊन गेलं होतं. फेब्रुवारी संपता संपता धार बोटाएवढी झाली, आणि मग एका सकाळी नुसती वाफ. मग तीही नाही. कोठारींचा फोन आला. बोअरमध्ये सिमेंट भरलं. तंबू उतरवले. खड्डा वाळूनं बुजवला, तो सरांनी उभं राहून बुजवून घेतला.

त्यांना बाडमेर स्टेशनवर सोडायचं काम माझ्याकडे आलं. फलाटावर बाकावर बसलो. गाडीला उशीर होता. त्यांचे हात आता उघडे होते, गुलाबी, चुरगळलेल्या कागदासारखे. चहाचा कप त्यांना धरवेना, मी तोंडाशी धरला. दोन घोट घेऊन त्यांनी मान फिरवली.

इतके दिवस दाबून ठेवलेलं माझ्या तोंडून गेलंच. "सर, त्या गेजवर एवढं काय बघायचं होतं?"

समोरून हमाल गाडा ओढत गेला.

"गेज मी बघितलंच नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"बघितलं नाही. मी तिच्याकडेच बघत होतो. तिला सांगत होतो, बघ इंदू, तुझ्यासाठी शोधलं. खोटंच ते, तिच्यासाठी कधी काय शोधलं होतं मी? पण म्हटलं. ती पाण्याकडे बघत होती. मग तिनं माझ्या हाताकडे बघितलं. मग माझ्याकडे." त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "शलाका, तिनं मला ओळखलं नाही. घाबरली. पण ओरडली नाही, तमाशा केला नाही. फार अदबीनं म्हणाली, 'सोडा हो हात. आमचे हे दौऱ्यावर असतात. मी अशी परक्याचा हात धरून उभी राहिलेली त्यांना आवडणार नाही.'"

मी कप खाली ठेवला.

"तुला सांगतो, त्या क्षणी मला दुसरं काही सुचलं नाही. पाणी विसरलो, दोरी विसरलो. माझीच बायको माझ्यासाठी मला म्हणत होती हात सोडा. मग मी सोडला."

"सर, हे तुम्ही निखिलला का नाही सांगितलं?"

"काय सांगू? तुझी आई शेवटपर्यंत माझी वाट बघत होती, आणि मी शेजारी उभा होतो, असं?" त्यांनी मान हलवली. "नको. आत्ता त्याला माझा राग आहे. राग धरायला तरी बाप आहे त्याला. हे ऐकलं तर तो मला माफ करेल. मला ते सोसणार नाही."

"पण—"

"तूही सांगू नकोस."

गाडी आली. मी त्यांची बॅग आत ठेवली, खिडकीशी बसवलं, तिकीट खिशात घातलं. मी खाली उतरले तेव्हा ते खिडकीतून म्हणाले, "धापूला निरोप सांग. मला भरवता भरवता ती रोज मारवाडीत काहीतरी बोलायची. माझ्या डोक्यात एक अक्षर शिरलं नाही. पण बोलत होती."

त्याला सोळा वर्षं झाली. सर देवरुखला एकटे राहत, तिथंच वारले. निखिल आला नाही असं नंतर कानावर आलं. आता सरही नाहीत तेव्हा सांगायला हरकत नाही, असं मनाला समजावून मी एकदा त्याला कॅनडात फोन लावला. त्यानं उचलला. मी माझं नाव सांगितलं, लूणसरचं नाव घेतलं.

"ती गोष्ट मी संपवून टाकलीय," तो शांतपणे म्हणाला. "कृपा करून परत फोन करू नका."

पलीकडून कुठल्यातरी लहान मुलीचा आवाज येत होता, ती "बाबा, बाबा" म्हणून त्याला बोलावत होती. तो "आलो गं" म्हणाला, आणि फोन ठेवला.